सोडियम कमी आणि मेंदूच्या शिरेत गुठळी : दोन्ही निदाने एकत्र आली तर फाईल कशी वाचावी

गेल्या पावसाळ्यात माझी भाची बाळंतपणासाठी माहेरी आलेली असताना बाराव्या दिवशी तिचे डोके दुखू लागले. सिझेरियन झालेले, रात्रीची जागरणे सुरू, त्यामुळे घरात कोणाला त्याचे विशेष वाटले नाही. सुंठ उगाळून कपाळाला लावली गेली, आणि ओल्या बाळंतिणीने पाणी बेताने प्यावे या जुन्या समजुतीप्रमाणे तिला दिवसाला जेमतेम तीन-चार पेले पाणी मिळत राहिले. दोन दिवसांनी उलट्या सुरू झाल्या आणि सोळाव्या दिवशी पहाटे तिला आकडी आली. रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात हाती आलेल्या रिपोर्टवर सोडियम १२४ होते, आणि संध्याकाळी झालेल्या एमआर व्हेनोग्राममध्ये, म्हणजे शिरा दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, मेंदूच्या मोठ्या शिरेत गुठळी दिसली.

त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर आम्हाला तीन सल्ले मिळाले. एक म्हणाले, मीठ कमी झाले आहे तर मिठाचे पाणी द्या. दुसरे म्हणाले, रक्त घट्ट झाले आहे, भरपूर साधे पाणी पाजा. शेजारच्या खाटेवरील आजोबांचे सोडियमही कमी होते आणि त्यांना दिवसाला लिटरभरच पाणी ठरवून दिले होते, म्हणून त्यांच्या सुनेने सांगितले, पाणी तोडा. तिघांच्याही बोलण्यात काही ना काही तथ्य होते, आणि तिन्हींपैकी कोणताही सल्ला आम्ही डोळे मिटून पाळला असता तर भाचीला अपाय झाला असता. सोडियमचा आकडा काय करायचे ते सांगत नाही. काय करायचे ते ठरते कारणावरून, आणि कारण शोधण्यासाठी आकड्याच्या मागे जावे लागते. फाईल हातात घेऊन डॉक्टरांसमोर उभ्या राहणाऱ्या घरच्या माणसाला हे कसे समजून घेता येईल, तेवढ्यासाठी हे लिहीत आहे.

सोडियमचा आकडा कसा वाचावा

रक्तातील सोडियम साधारणपणे १३५ ते १४५ या मर्यादेत असते. काही लॅब एकक म्हणून मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर लिहितात, काही मिलिमोल प्रति लिटर; सोडियमच्या बाबतीत आकडा तोच राहतो, त्यामुळे गोंधळून जाऊ नये. १३० ते १३४ म्हणजे सौम्य कमतरता, १२५ ते १२९ म्हणजे मध्यम आणि १२५ च्या खाली तीव्र, अशी ढोबळ वर्गवारी आहे. मात्र आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो तो घसरणीचा वेग. महिनोन्महिने हळूहळू ११८ वर आलेले आजोबा काठी टेकत चालत दवाखान्यात येतात, आणि एका दिवसात १२४ वर आलेल्या तरुण मुलीला आकडी येते. मेंदूच्या पेशींना जुळवून घ्यायला साधारण दोन दिवस लागतात. तेवढा अवधी मिळाला नाही तर रक्तातले पाणी पेशींत शिरून त्या फुगतात, आणि कवटीच्या आत फुगायला जागा नसते. मळमळ, डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके आणि शेवटी बेशुद्धी हा क्रम त्यातूनच येतो.

सोडियम कमी म्हणजे खाण्यात मीठ कमी पडले, ही समजूत सर्वत्र आढळते आणि बहुतेक वेळा ती चुकीची असते. आमटी अळणी लागली तर दोन शक्यता असतात : मीठ कमी पडले, किंवा पाणी जास्त झाले. रक्ताच्या बाबतीत दुसरी शक्यता पुष्कळ अधिक वेळा खरी ठरते. शरीरात पाणी किती राखायचे हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून सुटणारे एक हार्मोन ठरवते. ते गरज नसताना सुटत राहिले की मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात आणि रक्त पातळ होते. मेंदूचे आजार, न्यूमोनिया, क्षयरोग, तीव्र वेदना, सततची मळमळ आणि कित्येक औषधे हे हार्मोन असे अवेळी सोडायला लावतात. रक्तदाबासाठीच्या क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि इंडापामाइड या गोळ्या, नैराश्यासाठीच्या एस्सिटॅलोप्रॅम आणि सर्ट्रालिनसारख्या गोळ्या, आकडीसाठीच्या कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन या गोळ्या सोडियम खाली आणतात, हे डॉक्टरांना माहीत असते. पण आपण काय घेतो आहोत ते त्यांना आपणच सांगावे लागते. म्हणून रुग्णालयात जाताना घरातील गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्या वर्णनावरून कोणालाही काही ठरवता येत नाही.

रिपोर्ट खरा आहे ना, हेही एकदा पाहावे. ज्या हाताला ग्लुकोजचे सलाईन चालू आहे त्याच हातातून रक्त घेतले तर सोडियम खोटेच कमी दिसू शकते, म्हणून रक्त दुसऱ्या हातातून घ्यावे लागते. घाईत हे राहून जाण्याची शक्यता असते आणि नातेवाइकाने सौम्यपणे विचारले तर कोणी रागावत नाही. साखर फार वाढलेली असेल तरी सोडियम कमी दिसते : साखर दर १०० मिलिग्रॅमने वाढली की सोडियम साधारण १.६ ते २.४ ने खाली येते. अशा वेळी उपचार साखरेवर करायचा असतो.

शिरेत गुठळी म्हणजे नेमके काय

लकवा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येते ती धमनीतली गुठळी, म्हणजे मेंदूकडे जाणारे रक्त अडणे. येथे अडते ते मेंदूकडून परत येणारे रक्त. मेंदूच्या पृष्ठभागावरील शिरा कवटीच्या आतील मोठ्या शिरांना मिळतात. त्यांपैकी एक डोक्याच्या मध्यरेषेवरून पुढून मागे जाते, दोन डाव्या-उजव्या अंगाने कानांमागून वळून मानेतल्या शिरांत उतरतात. यांतील एखादी तुंबली की मागे रक्त साचते, जसे गटार तुंबल्यावर अंगणात पाणी चढते. मेंदूभोवतीच्या पाण्याचा निचराही याच शिरांतून होत असल्याने कवटीतील दाब वाढतो, डोळ्यांच्या पडद्यामागील नसेवर सूज येते, आणि दाब फार वाढला तर लहान शिरा फुटून मेंदूत रक्तस्रावही होतो.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील ६२४ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे ८९ टक्के रुग्णांना डोकेदुखी होती आणि सुमारे ३९ टक्के रुग्णांना झटके आले होते. ही डोकेदुखी दिवसागणिक वाढत जाते, आडवे पडल्यावर किंवा खोकल्यावर बळावते, नेहमीच्या गोळीने तात्पुरती शमते आणि पुन्हा येते. धमनीच्या लकव्यात सारे काही मिनिटांत घडते. येथे दोन-चार दिवस, कधी दोन आठवडेही जातात, आणि म्हणूनच घरचे लोक निर्धास्त राहतात.

सिझेरियनच्या वेळी पाठीत भूल दिलेली असेल तर आणखी एक गफलत होते. त्या सुईमुळे होणारी डोकेदुखी उठून बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर कमी होते. भाचीच्या डोकेदुखीला आम्ही तीच समजलो होतो. प्रत्यक्षात तिला झोपल्यावर अधिक त्रास होत होता आणि ती रात्रभर भिंतीला टेकून बसत असे. हे आम्ही रोज पाहत होतो, पण त्याचा अर्थ आम्हाला कळला नाही. आडवे पडूनही न थांबणारी डोकेदुखी, किंवा आधी झोपल्यावर थांबणारी आणि नंतर कायम राहू लागलेली डोकेदुखी, हे बाळंतिणीला त्याच दिवशी रुग्णालयात नेण्याचे पुरेसे कारण आहे. त्याच वेळी रक्तदाबही मोजून घ्यावा, कारण बाळंतपणानंतर वाढलेल्या रक्तदाबामुळेही डोके दुखते आणि झटके येतात.

गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे हा रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेला काळ असतो, आणि पाणी कमी पडणे, रक्तक्षय किंवा जंतुसंसर्ग यांमुळे धोका आणखी वाढतो. बाळंतिणीला पाणी तोडण्याची पद्धत मागच्या पिढीच्या मायेतूनच आली आहे, परंतु ती आता आपण सोडून दिली पाहिजे. तिला तहान लागेल तेवढे पाणी मिळालेच पाहिजे, अंगावर पाजणाऱ्या आईला तर अधिकच. मात्र हा आजार केवळ बाळंतिणींचा नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील ४२८ रुग्णांचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात निम्म्याहून किंचित अधिक रुग्ण पुरुष होते, आणि रक्तक्षय व मद्यपान ही ठळक कारणे आढळली होती. कानाचा जुना संसर्ग, ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी वाढलेले होमोसिस्टिन हे रक्तातील द्रव्य, कर्करोग, रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष हीही कारणे असतात. गर्भनिरोधक गोळ्यांचा संबंध सर्वांना ठाऊक आहे. परंतु गौरी-गणपतीत किंवा घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून परस्पर आणली जाणारी नॉरएथिस्टेरॉनची गोळी त्याच रांगेत बसते, कारण मोठ्या मात्रेत तिचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो. ज्या स्त्रीला किंवा तिच्या जवळच्या नातलगाला कधी गुठळी झाली आहे, तिने ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

दोन्ही एकत्र का येतात

येथे फाईल सर्वांत काळजीपूर्वक वाचावी लागते, कारण एकत्र येण्याच्या वाटा अनेक आहेत आणि प्रत्येक वाटेवर पाण्याचा निर्णय वेगळा आहे.

पहिल्या वाटेत गुठळी आधी होते आणि सोडियम तिच्यामुळे घसरते. मेंदूला इजा झाल्यावर ते पाणी धरणारे हार्मोन सुटू लागते. मूत्रपिंडे पाणी राखतात आणि रक्त पातळ होते. अन्य रुग्णांत यावर उपाय म्हणून पाणी मर्यादित करतात, आणि शेजारच्या आजोबांचे तेच चालले होते. पण मेंदूच्या शिरेत गुठळी असताना पाणी तोडले तर रक्त आणखी दाट होऊन गुठळी वाढण्याची भीती असते, म्हणून डॉक्टर शक्यतो दुसऱ्या मार्गाने, जसे की मिठाचे प्रमाण अधिक असलेले सलाईन देऊन, सोडियम वर आणतात.

दुसरी वाट दिसायला अगदी तशीच, पण उलट आहे. मेंदूच्या काही आजारांत मूत्रपिंडे मीठच बाहेर टाकू लागतात आणि त्यामागोमाग पाणीही जाते. लघवीच्या तपासणीत दोन्ही प्रकारांत सोडियम भरपूर दिसते, म्हणजे केवळ रिपोर्टवरून फरक कळत नाही. फरक रुग्णाकडे पाहून कळतो : नाडी जलद, उभे राहिल्यावर रक्तदाब खाली, जीभ कोरडी, वजन कमी. अशा रुग्णाचे पाणी तोडणे म्हणजे आधीच आटलेल्या विहिरीवर पंप लावणे. भाचीच्या बाबतीत हा उलगडा एका साध्या कागदावरून झाला. खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यावर सिस्टर दर तासाला एका रकान्यात सलाईन आणि पाणी किती गेले ते, आणि दुसऱ्या रकान्यात पिशवीत लघवी किती जमली ते लिहीत होत्या. चोवीस तासांत शरीरात गेले होते अडीच लिटर आणि बाहेर पडले होते जवळजवळ चार लिटर. सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी सर्वप्रथम तो कागद उचलला, तिची नाडी पाहिली, आणि सलाईन वाढवायला सांगितले. घरच्यांनी आपल्या हाताने पाजलेले पाणी, नारळपाणी, पेज सिस्टरना सांगून त्या तक्त्यात लिहून घ्यावे. हिशेबात नसलेला पाव लिटरही निर्णय चुकवू शकतो.

तिसऱ्या वाटेत मूळ कारण एकच असते आणि त्यातून दोन्ही उद्भवतात. उलट्या-जुलाबांत मीठ-पाणी दोन्ही जाते, त्यावर माणूस साधे पाणी पीत राहतो, म्हणजे सोडियम खाली येते आणि रक्तही आटलेलेच राहते. नेफ्रॉटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजारात लघवीवाटे प्रथिने जातात, त्यांत गुठळी रोखणारे अँटिथ्रॉम्बिनही असते. अंगावर सूज, सोडियम कमी आणि गुठळीचा धोका असे तिन्ही एकत्र येतात, आणि येथे साध्या लघवी तपासणीतील प्रथिनांची नोंद सर्व उलगडते. क्षयरोगाच्या मेंदूज्वरातही दोन्ही दिसू शकतात. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या आजारात गुठळ्या होतातच, शिवाय मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत गुठळी किंवा रक्तस्राव होऊन तिथे तयार होणारे कॉर्टिसॉल हे हार्मोन बंद पडू शकते, आणि मग सोडियम घसरते, पोटॅशियम वाढते, रक्तदाब पडतो. बाळंतपणात फार रक्तस्राव झालेला असेल तर पिट्यूटरी ग्रंथी दगावूनही सोडियम कमी होते. दूध न येणे ही त्याची घरात दिसणारी खूण आहे आणि ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. ग्रंथींशी संबंधित या कारणांचा विचार झाला आहे का, हे कळण्यासाठी ‘कॉर्टिसॉल आणि थायरॉईड पाहिले आहे का?’ एवढा एक प्रश्न विचारणे पुरेसे आहे.

चौथी वाट उपचारांतून येते. झटके थांबवण्यासाठी दिलेली कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन, किंवा केवळ ग्लुकोजचे सलाईन, यांमुळे रुग्णालयात आल्यानंतरही सोडियम घसरू शकते. म्हणून दाखल होतानाचा आकडा आणि नंतरचे आकडे तारीख-वेळेसह एका कागदावर एकाखाली एक लिहून ठेवावेत. घसरण कोणत्या औषधानंतर सुरू झाली ते अशा कागदावर चटकन दिसते.

तपासण्या आणि उपचारांचा वेग

साधा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून गुठळी नाही असे होत नाही. पुष्कळ रुग्णांत तो नॉर्मल दिसतो. शिरा दाखवणारी तपासणी वेगळी असते, तिला एमआर व्हेनोग्राम किंवा सीटी व्हेनोग्राम म्हणतात, आणि ती झाली आहे का हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. सोडियमसाठी रक्ताची आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी (म्हणजे ते किती दाट किंवा पातळ आहे), लघवीतील सोडियम, साखर, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम हे पाहतात. उपचार सुरू होण्यापूर्वी घेतलेला लघवीचा नमुना अधिक बोलका असतो, तो घ्यायचा राहून जाऊ नये.

झटके किंवा बेशुद्धी असेल तर ३ टक्क्यांचे सलाईन १०० ते १५० मिलिलिटर थोड्या वेळात देतात. सोडियम ४ ते ६ ने वर आले की मेंदूवरील संकट सहसा टळते. त्यापुढे घाई करायची नसते. चोवीस तासांत ८ ते १० पेक्षा जास्त वाढ झाली तर, विशेषतः कमतरता जुनी असेल तर, मेंदूच्या देठातील (ब्रेनस्टेममधील) नसांची आवरणे खराब होऊन काही दिवसांनी बोलणे, गिळणे आणि हालचाल बंद पडू शकते. कुपोषण, मद्यपान, यकृताचा आजार आणि कमी पोटॅशियम असलेल्यांना हा धोका अधिक. भाचीचे सोडियम दुसऱ्या दिवशी सकाळी १३१ झाले तेव्हा आम्हाला ते कमीच वाटले आणि आम्ही तक्रारीच्या सुरात विचारणा केली; ७ ने झालेली ती वाढ अगदी योग्य होती, हे नंतर समजले. मिठाचे पाणी घरून आणून पाजणे किंवा ओआरएसने सोडियम भरून काढण्याचा प्रयत्न करणे टाळावे. प्रमाणित ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असते, म्हणजे रक्तातील प्रमाणाच्या जवळपास निम्मे. जुलाबात ते जीव वाचवते, पण शरीर पाणी धरून ठेवत असेल तर ते सोडियम आणखी खाली नेऊ शकते.

गुठळीसाठी हेपारिन हे रक्त पातळ करणारे औषध सुरू करतात. बहुधा एनॉक्सापॅरिन या त्याच्याच प्रकाराचे इंजेक्शन दिवसातून दोनदा पोटाच्या कातडीखाली. स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसत असतानाही रक्त पातळ करणारे औषध देतात, हे ऐकून नातेवाइकांच्या पायांखालची जमीन सरकते आणि काही जण सहीच करत नाहीत. पण तो रक्तस्राव तुंबलेल्या शिरेमागील दाबामुळे झालेला असतो. तुंबलेले मोकळे होण्याची संधी मिळाली नाही तर तो वाढतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या जर्मन चाचणीत २० रुग्णांवरच हेपारिनचा फायदा स्पष्ट दिसला होता, रक्तस्राव असलेल्यांतही, आणि पुढे तीच पद्धत जगभर रूढ झाली. सही करण्यापूर्वी प्रश्न जरूर विचारावेत, मात्र त्या प्रश्नांत रात्र घालवू नये. दाब फारच वाढला तर कवटीचा तुकडा तात्पुरता काढण्याची शस्त्रक्रियाही जीव वाचवते.

घरी आल्यावर

हेपारिननंतर वॉरफॅरिन किंवा डॅबिगॅट्रानसारखी रक्त पातळ करणारी गोळी कारणानुसार ३ ते १२ महिने चालते. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये वॉरफॅरिनच, आणि बहुधा कायमचे. अंगावर पाजणाऱ्या आईला वॉरफॅरिन चालते, डॅबिगॅट्रान आणि तत्सम नव्या गोळ्या टाळतात. वॉरफॅरिन घेताना आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा रक्ततपासणीतील आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचे असते. आमच्याकडे बाळंतिणीला एक आठवडा रोज शेपू आणि मेथी, पुढच्या आठवड्यात काहीच नाही, असे चालले आणि आयएनआर वरखाली होऊ लागले; पालेभाजी बंद करायची नसते, रोज साधारण तेवढीच ठेवायची असते. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन मनाने घेऊ नये.

सोडियम पहिल्या आठवड्यात आणि आकडीची गोळी बदलल्यावर पुन्हा तपासावे. पुन्हा वाढती डोकेदुखी, धुरकट किंवा दोन-दोन दिसणे, आकडी, एका बाजूची अशक्तता, किंवा सुस्ती आणि गोंधळ यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता निघावे. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यापुढे घ्यायच्या नाहीत, हे डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून घ्यावे. तांबीचा पर्याय खुला असतो. पुढचे मूल हवे असेल तर त्याला सहसा आडकाठी नसते, पण वॉरफॅरिन गर्भाला घातक असल्याने दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. गरोदरपणात आणि त्यानंतरचे सहा आठवडे बहुधा हेपारिनची इंजेक्शने देतात. त्या भेटीला जाताना पहिल्या व्हेनोग्रामची सीडी, सोडियमच्या आकड्यांचा तो हाताने लिहिलेला कागद आणि शेवटचे आयएनआर अशी तीन कागदपत्रे सोबत न्यावीत.